कॅडमियम ०, जस्त १, दोघं मिळून ९ : हा हिशोब कसा लावायचा?

करवीरकाठ
नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या, आता घरातलीच एक बेरीज जुळेना म्हणून इथे आलोय.

लेक प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रबंधाचा विषय असा की पाण्यात दोन धातू एकत्र आले तर जीवांवर काय परिणाम होतो, आणि तो आधी सांगता येतो का. जीव म्हणजे डॅफ्निया, पाण्यातली पिसू. माणसाला चावत नाही, नुसती टुणूक टुणूक पोहते. प्रयोगाला २४ तासांच्या आत जन्मलेली पिल्लं लागतात. मोजायला माणूस कमी म्हणून मीही दोन दिवस जाऊन बसलो होतो. बीकरखाली काळा कागद सरकवायचा, बीकर हलकेच हलवायचा आणि १५ सेकंदांत जी पोहत नाही ती गेली असं धरायचं. ४८ तासांनी मोजणी. चष्म्यावर भिंग धरून मान मोडली, पण मजा आली.

तर निकाल. प्रत्येक प्रकारात पाच-पाचचे चार बीकर, म्हणजे २० पिल्लं.

नुसतं पाणी: एकही मेलं नाही.
कॅडमियम, लिटरला १०० मायक्रोग्रॅम: एकही मेलं नाही.
जस्त, लिटरला ६०० मायक्रोग्रॅम: १ मेलं.
दोन्ही एकत्र, तेवढ्याच मात्रेत: ९ मेली.

सर म्हणाले, उत्तम, "सिनर्जिझम" (म्हणजे दोघांनी मिळून अपेक्षेपेक्षा जास्त मारलं) लिही आणि पुढे चल. लेकीला ते पटत नाहीये. तिचं म्हणणं, तिने वाचलंय त्यात जस्त उलट कॅडमियमपासून वाचवतं असं आहे. मला यातलं काही कळत नाही, पण ० आणि १ मिळून ९ झाले की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. कुणी जाणकार आहे का?

चिंगी
शीर्षक वाचून मला वाटलं सासू-सुनेचा धागा आहे. वाचतेय.

खडूस काका
आमच्या सोसायटीच्या रंगकामाचा हिशोब असाच होता. रंग ०, मजुरी १, एकूण ९. चौकशी केली तर मला चिटणीस केलं. जपून.

अर्धवट रसायन
करवीरकाठ, हे रडगाणं फार जुनं आहे. अंदाज बांधायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही शंभर वर्षांच्या आसपासच्या.

पहिली: दोन्ही विषं एकाच प्रकारे मारतात असं धरायचं, म्हणजे एक दुसऱ्याचा बदली खेळाडू. कुठल्या मात्रेला निम्मे जीव मरतात ते प्रत्येकाचं काढायचं आणि आपल्या पाण्यातली मात्रा त्याने भागायची. समजा तांब्याचा आकडा ५० आणि पाण्यात २५ आहे, तर अर्धा. जस्ताचाही अर्धा आला तर एकूण १, म्हणजे निम्मे मरणार. याला विषाचं एकक म्हणतात. लोव्हे यांचं नाव याला जोडलेलं आहे, १९२६ चं काम.

दुसरी पद्धत ब्लिस यांची, १९३९ ची. दोन्ही विषं आपापल्या वाटेने मारतात, एकमेकांशी देणंघेणं नाही. ती शाळेतल्या संभाव्यतेच्या गणितासारखी आहे.

आगाऊ संख्या
दुसरी मी सांगतो, पोटापाण्याचा धंदा आहे. पहिल्या विषाने २० टक्के मरतात, म्हणजे ८० उरतात. दुसरं ३० टक्के मारतं, तर त्या ८० मधले ७० टक्के उरणार, म्हणजे ५६. मेले ४४. ५० नव्हेत, कारण मेलेला पुन्हा मरत नाही.

ताईंच्या आकड्यांना हे लावलं तर ० आणि १ वरून २० पैकी १ मरायला हवं होतं. मेली ९. इथवर सर बरोबर आहेत.

पण "सिनर्जिझम" हा शब्द अपेक्षेच्या मानाने असतो. अपेक्षा कुठल्या पद्धतीने काढली ते लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पहिल्या पद्धतीत तर ० आणि ० मिळूनही बरंच काही होऊ शकतं. दहा धातू, प्रत्येक आपल्या आकड्याच्या एक दशांश. एकेकटा टाकला तर पिसूला पत्ताही लागणार नाही. दहाही टाका, बेरीज १, निम्म्या पिसवा खलास.

खडूस काका
म्हणजे दहा जावयांपैकी एकेक आला तर सण, दहाही आले तर दिवाळं.

आगाऊ संख्या
@खडूस काका, दंडवत. पुढच्या व्याख्यानात वापरणार.

मोरचूद तात्या
आम्ही शिकलो नाही फार, पण सुपारीच्या बागेत आयुष्य गेलं. कोळेरोगाला दर पावसाळ्यात बोर्डो मारतो. एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. नुसतं मोरचूद मारलं तर पानं करपतात, चुना घातला की त्याच तांब्याने पान करपत नाही आणि रोग मात्र मरतो. तांबं तेवढंच आहे हो, कमी झालेलं नाही. मग विष गेलं कुठे?

वडील पिंपात विळ्याचं पातं बुडवून बघायचे. मिनिटभराने काढलं आणि पात्यावर तांबूस थर चढला असेल तर अजून चुना हवा. पातं होतं तसं निघालं की पंप भरायचा. मीही तेच करतो, लिटमसचा कागद कोण शोधत बसणार.

तुमच्या लेकीच्या पाण्यात चुना होता का, एवढंच विचारतो.

अर्धवट रसायन
तात्या, साष्टांग. धातू पाण्यात एकूण किती आहे याला फारसा अर्थ नसतो, मोकळा किती आहे याला असतो. विळ्याच्या लोखंडावर चढतं ते मोकळं तांबं. चुन्याने पकडून ठेवलेलं चढत नाही. लाखोंची यंत्रं घेऊन लोक जे मोजतात ते तुमचे वडील विळ्याने बघत होते.

लिंबूटिंबू
हे सगळं ठीक आहे, पण आमचे आजोबा रोज तांब्याच्या लोट्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायचे आणि ९२ वर्षं जगले. उगाच धातूंना बदनाम करू नका.

चिंगी
आजोबा पिसू नव्हते ना पण.

अर्धवट रसायन
चिंगीने विनोद केला, पण मुद्दा तोच आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. जस्त ५, नाइलाजाने १५ पर्यंत. आता डॅफ्नियाला तांब्याचे काही दशक मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅमच्याच आसपास. माणसाने बिनघोर प्यावं अशा पाण्यात पिसू उताणी पडू शकते. आजोबांच्या लोट्यात गप्पी मासे सोडून बघू नका.

बालवैद्य
लोट्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. माझ्या शिकण्याच्या काळात पुण्या-मुंबईच्या बालरोग विभागात एक आजार दिसायचा, लहान मुलांचा यकृताचा सिरोसिस. वर्ष-दीड वर्षाचं बाळ, पोट फुगलेलं, यकृत हाताला दगडासारखं लागायचं. बहुतेक मुलं दगावायची. कुणी अनुवंशिकता म्हणे, कुणी विषाणू.

यकृतात तांबं प्रचंड सापडायचं. ते येतं कुठून? पुण्यातल्या आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी मिळून घरोघरची भांडी विचारली आणि १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं: बाळाला लवकर वरचं दूध सुरू होतं, ते पितळेच्या भांड्यात तापवतात आणि त्यातच ठेवतात. पाण्यापेक्षा दूध वाईट, कारण दुधातलं केसीन तांबं ओढून घेतं. घराघरांत स्टील आलं, पितळी पातेली माळ्यावर गेली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आजच्या निवासी डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो.

लिंबूटिंबू, तुमचे आजोबा मोठे होते आणि लोट्यात पाणी होतं. सहा महिन्यांचं बाळ आणि पितळेतलं दूध ही वेगळी गोष्ट. मात्रा, वय आणि कशातून जातंय, हे तिन्ही बघावं लागतं.

सुगरण ७१
डॉक्टर, म्हणून तर कल्हई होती! आमच्याकडे दर दोन महिन्यांनी कल्हईवाला यायचा, भाता मारायचा, नवसागराचा तो खवखवणारा धूर, आणि पातेल्याच्या आतून चांदीसारखी लकाकी फिरायची. आई म्हणायची कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की "कळकतं". कळकलेलं ताक हिरवट दिसायचं, जिभेला ओढायचं. ते तांबंच ना?

बालवैद्य
हो ताई, तेच. कळकणे हा शब्द आम्ही पाठ्यपुस्तकात घ्यायला हवा होता.

लिंबूटिंबू
पण डॉक्टर, पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. धागाकर्त्यांच्या लेकीने वाचलंय की जस्त वाचवतं. मग पितळेतल्या जस्ताने बाळांना का नाही वाचवलं? (खरंच विचारतोय, खवचटपणा नाही.)

बालवैद्य
प्रश्न छान आहे. विल्सन्स डिसीज नावाच्या आजारात शरीरातून तांबं बाहेर पडत नाही, आणि तिथे आम्ही जस्ताच्या गोळ्या देतोच. जस्ताने आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन वाढतं. हे १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात पहिल्यांदा सापडलं. त्याची तांब्यावर पकड जस्तापेक्षा घट्ट असते, त्यामुळे आलेलं तांबं तिथेच अडकतं आणि पेशी झडल्या की शौचावाटे जातं. उलटंही होतं. कवळी चिकटवायच्या काही पेस्टमध्ये जस्त असायचं. ती वर्षानुवर्षं भरमसाट वापरणाऱ्या काही लोकांना तांब्याची कमतरता होऊन हातापायांच्या नसा बिघडल्या.

पण ती गोळी मोजून, वेळेवर, रिकाम्या पोटी द्यायची असते. पातेल्यातून झिरपणाऱ्या जस्ताच्या भरवशावर बाळ सोडता येत नाही.

मांडवीचो भुरगो
गोव्यातून. आमच्याकडे हा प्रश्न प्रयोगशाळेतला नाही, ताटातला आहे. खाणीचं पाणी मांडवी-जुवारीत यायचं, लोखंड आणि मँगनीज एकत्रच. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तरी ढिगारे तिथेच होते. तिसऱ्या, शिणाण्यो, कालवं सगळी गाळूनच खातात, पाण्यात असेल ते त्यांच्या पोटात. माझा प्रश्न सरळ आहे: तिसऱ्यांच्या मांसात प्रत्येक धातू किती ते मोजलं तर त्यांना बाधलं की नाही हे सांगता येईल का?

अर्धवट रसायन
नुसत्या एकूण आकड्यावरून नाही सांगता येत. काही जीव धातू आत घेतात पण पेटीत कुलूप लावून ठेवतात, वर सांगितलेल्या प्रथिनात किंवा बारीक कणांत. कालवांच्या अंगात जस्त इतकं असतं की आकडा बघून छाती दडपावी, आणि कालव मजेत असतं. बाधतं ते कुलपाबाहेरचं. खाणाऱ्याचा हिशोब मात्र वेगळा, आपण पेटीसकट खातो.

खवचट खुद्द
इतका वेळ गप्प होतो. मला हे सगळं शास्त्रज्ञांचं पोट भरणं वाटतं. शेवटी प्रदूषण मंडळाचा माणूस येतो, एकेक धातूसमोर "मर्यादेत" लिहितो आणि चहा पिऊन जातो. शिसं ०.०१ च्या आत, बरोबर. कॅडमियम ०.००३ च्या आत, बरोबर. निकेल ०.०२ च्या आत, बरोबर. तिन्ही काठावर असले तरी कागद हिरवा. बेरीज कोण करतो?

पाणीपट्टी
@खवचट खुद्द, तक्रार रास्त आहे. पण बेरीज कुठेच करत नाहीत असं नाही. युरोपच्या पिण्याच्या पाण्याच्या नियमात नायट्रेट आणि नायट्राइट यांचं असंच आहे. नायट्रेट भागिले ५०, नायट्राइट भागिले ३, दोन्हींची बेरीज १ च्या वर जाता कामा नये. हे अर्धवट रसायन यांचं विषाचं एककच झालं, कायद्याच्या भाषेत. धातूंसाठीही करता येईल.

आगाऊ संख्या
करता येईल, पण बरेचदा ते उगाच घाबरवेल. धातूंच्या जोड्यांवरचे प्रयोग गोळा करून बघितले तर कुठे बेरजेइतकं, कुठे कमी, कुठे जास्त, असं तिन्ही येतं. त्याच दोन धातूंचंही जीव बदलला, पाणी बदललं, मात्रा बदलली की उत्तर बदलतं. बेरीज हा बरा पहिला अंदाज आहे, एवढंच.

खवचट खुद्द
"तिन्ही येतं" म्हणजे अंदाज नाहीच की. उद्या पाऊस पडेल, पडणार नाही किंवा भुरभुरेल.

दूरदेशी
उशिरा आले. मूळ सांगलीची, हल्ली बेल्जियममध्ये, आणि नेमकं हेच काम करते. खवचट खुद्द, तुमचा टोमणा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अगदी लागू होता. आता थोडं पुढे गेलोय.

एस.टी. स्टँड डोळ्यांसमोर आणा. गाडी म्हणजे माशाचा कल्ला किंवा डॅफ्नियाच्या अंगावरचा श्वास घ्यायचा पडदा. सीट मोजक्या. विषारी धातूचा आयन सीटवर बसला तर जीवाला त्रास, किती सीट भरल्या त्यावर किती त्रास ते ठरतं. पण खिडकीतून रुमाल टाकून बऱ्याच जागा आधीच धरलेल्या असतात. तो रुमालवाला म्हणजे कॅल्शियम. म्हणून जड पाण्यात धातू कमी बाधतात आणि मऊ पाण्यात तेवढीच मात्रा जीव घेते. शिवाय काही प्रवासी गाडीपर्यंत पोचतच नाहीत, स्टँडवरच्या उसाच्या गुऱ्हाळाशी अडकतात. पाण्यातला कुजलेल्या पाल्याचा तपकिरी अंश हे ते गुऱ्हाळ. तात्यांचा चुनाही त्याच जातीचा.

हे चित्र पेजनकॉफ यांनी १९८३ मध्ये माशांच्या कल्ल्यांसाठी मांडलं, २००१ मध्ये डी टोरो आणि सहकाऱ्यांनी त्याला "बायोटिक लिगँड मॉडेल" या नावाने पूर्ण रूप दिलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००७ पासून गोड्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा त्यावरूनच काढायची शिफारस केली. म्हणजे सगळीकडे एकच आकडा नाही, पाण्याचा सामू, कॅल्शियम, सेंद्रिय कार्बन वगैरे घालायचे आणि त्या पाण्यापुरती मर्यादा काढायची.

आता जोडीचं. कॅडमियम आणि जस्त दोघंही कॅल्शियमच्या दारातून घुसतात, तांबं आणि चांदी सोडियमच्या. एकाच दारावर दोघं आले की धक्काबुक्की होते. जस्त संख्येने जास्त असेल आणि स्वतः फारसं मारत नसेल, तर ते कॅडमियमला बाहेर ठेवतं. लेकीने वाचलंय ते बरोबर आहे. म्हणूनच तिचा निकाल मला खटकला. काळजी घेऊन केलेल्या प्रयोगात उलटं यायला हवं होतं.

करवीरकाठ, एकच विचारते. पिसवा कुठल्या पाण्यात होत्या? "प्रयोगशाळेतलं पाणी" असं उत्तर नको, बाटलीवरचं नाव हवं.

मोरचूद तात्या
मी हेच विचारलं होतं.

चिंगी
गुऱ्हाळ! आता मला धातूंपेक्षा रसाचीच तहान लागलीय.

करवीरकाठ
तात्या, माफ करा, तुमचा प्रश्न मी विनोदात घेतला होता. लेकीला फोन केला. पिसवा ज्या पाण्यात वाढवतात त्याच पाण्यात प्रयोग केला. बाटलीवर "एम ४" लिहिलंय. कृतीचा कागद तिने फोटो काढून पाठवला, त्यात क्षारांची ही भलीमोठी यादी आहे, किराणा दुकानाच्या महिन्याच्या यादीसारखी. मँगनीज, बोरॉन, थोडं जस्त, तांबं, जीवनसत्त्वं. आणि एक "डायसोडियम ईडीटीए, २.५ मिलिग्रॅम". हे काही विशेष आहे का?

दूरदेशी
सापडलं!

मोरचूद तात्या
ईडीटीए? अहो, आमच्या कृषी सेवा केंद्रात पुडी मिळते, चिलेटेड झिंक, झिंक ईडीटीए १२ टक्के. कलिंगडाला फवारतो.

बालवैद्य
आणि शिशाची विषबाधा झालेल्या मुलाला आम्ही शिरेतून त्याचाच कॅल्शियमवाला भाऊ देतो. नाव तेच, पण डायसोडियमवाला चुकून गेला तर रक्तातलं कॅल्शियम खेचून जीव घेतो.

दूरदेशी
बघा, तिघांच्या घरात एकच पाहुणा. ईडीटीए धातूला खेकड्यासारखं धरतं. एम ४ मध्ये ते मुद्दाम घालतात, लोह विरघळलेलं राहावं म्हणून. पिसवा वाढवायला उत्तम. पण धातूंच्या चाचणीला तसलं पाणी टाळा असं डॅफ्नियाच्या प्रमाणित पद्धतीतच लिहिलंय.

मोजूया. २.५ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला साधारण ६.७ मायक्रोमोल (मोल म्हणजे वजन नव्हे, कणांची मोजणी). लोहाने आणि इतरांनी निम्मं घेतलं असं धरलं तरी ३ च्या आसपास मोकळं. १०० मायक्रोग्रॅम कॅडमियम म्हणजे फक्त ०.९ मायक्रोमोल. सगळंच्या सगळं गुऱ्हाळात बसलं, गाडीपर्यंत एकही आलं नाही. म्हणून ० मेली. आता ६०० मायक्रोग्रॅम जस्त, म्हणजे ९ मायक्रोमोल. ईडीटीएची कॅडमियम आणि जस्त या दोघांवरची पकड जवळपास सारखीच. जस्ताची झुंड आली, बाकडी भरली, कॅडमियमचा मोठा भाग उठून गाडीकडे पळाला. मेली ९.

जस्ताने कॅडमियमचं विष वाढवलं नाही, त्याला बांधून ठेवणारा दोर खर्च केला. पिसवांच्या अंगात "सिनर्जिझम" काही नाही, जे आहे ते बाटलीत आहे.

खडूस काका
म्हणजे चोर पकडून ठेवला होता, जस्ताने पोलीस गुंतवले.

खवचट खुद्द
मान्य. हे पोट भरणं नाही. पण हे झालं तुमचं मत. करून बघितल्याशिवाय मी टाळी वाजवणार नाही.

आगाऊ संख्या
इथे मी खवचट खुद्द यांच्या बाजूने. गोष्ट सुंदर आहे म्हणून खरी ठरत नाही. ईडीटीएशिवाय पुन्हा करा. दूरदेशींचं खरं असेल तर आधीच सांगून ठेवायला हवं काय येईल ते.

दूरदेशी
सांगते. ईडीटीए नसलेल्या पाण्यात (चारच क्षार: कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट, पोटॅशियम क्लोराइड) त्याच मात्रा घातल्या तर एकटं कॅडमियम बहुतेक पिसवा मारेल, एकटं जस्त थोड्या, आणि एकत्र मिळून एकट्या कॅडमियमपेक्षा कमी मरतील. पिसवा आधी त्या पाण्यात रुळू द्या. उलटं आलं तर इथे येऊन माझा उद्धार करा.

चिंगी
पैज लागली! खूण करून ठेवलाय धागा.

करवीरकाठ
तीन आठवडे लागले. मधे एकदा पिसवांची सगळी बरणीच आटोपली, कुणीतरी पंखा लावून खिडकी उघडी ठेवली होती म्हणे. सर आधी तयार नव्हते, "पहिला निकाल चांगला आहे, कशाला हात लावतेस" म्हणाले. लेकीने दूरदेशींचं गणित कागदावर करून समोर ठेवलं. सरांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, कर.

काल संध्याकाळी मोजलं. मीही गेलो होतो, या वेळी स्वतःचं भिंग घेऊन.

नुसतं पाणी: ०.
कॅडमियम: १८.
जस्त: ३.
दोन्ही: १२.

चिंगी
दूरदेशी जिंदाबाद!!

खवचट खुद्द
टाळी. एकच, पण मनापासून.

आगाऊ संख्या
अभिनंदन, पण पाणी टाकायचं माझं काम आहे. ब्लिस पद्धतीने १८ आणि ३ वरून १८ च्या थोडं वर यायला हवी होती, आली १२. दिशा बरोबर. मात्र २० पिल्लांच्या नमुन्यात १८ आणि १२ मधला फरक काठावरचा आहे, योगायोगानेही इतका येऊ शकतो. एकट्या कॅडमियमचं ० वरून १८ ला जाणं मात्र कुठल्याही योगायोगात बसत नाही. ताईंना सांगा आणखी दोन वेळा करायला, आणि एकाच मात्रेऐवजी पाच-सहा.

करवीरकाठ
सांगितलं, करणार आहे. मला एक दिसलं ते लिहितो, चूक असेल तर सांगा. दोन ताळेबंद शेजारी ठेवून बघायची सवय आहे म्हणून दिसलं. पहिल्या खेपेला जोडीने ९ मारली, दुसऱ्या खेपेला १२. जोडीचा आकडा फारसा हललेला नाही. हलला तो एकट्या कॅडमियमचा. आम्ही सगळे इतके दिवस जोडीकडे बोट दाखवत होतो, आणि खोटी नोंद एकट्याच्या खात्यात होती.

दूरदेशी
काका, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे बैठक आहे, तिथे हे तुमच्या शब्दांत सांगणार. "खोटी नोंद एकट्याच्या खात्यात."

मांडवीचो भुरगो
मग आमच्या नदीचं काय? तिथे ईडीटीए नाही, पण गाळ आहे, खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या शेतांतला, कुजका पाला आहे, भरतीला मीठ आहे.

दूरदेशी
तिथे गुऱ्हाळंच जास्त. शिवाय पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पाणी इतकं वेगळं की एकच आकडा दोन्ही ऋतूंना चालणार नाही. खाऱ्या पाण्यात कॅडमियमला क्लोराइड पकडतं, तेही धरावं लागतं. पाणी कधी आणि भरतीच्या कुठल्या वेळी घेतलं हे नमुन्याच्या बाटलीवर लिहिलेलं नसेल तर तो अहवाल मी बाजूला ठेवते.

सुगरण ७१
मला एक विचारायचंय. ते कॅडमियमचं पाणी बेसिनमध्ये ओतलं नाही ना?

करवीरकाठ
नाही ताई. बाकाखाली पाच लिटरचा पांढरा कॅन आहे, त्यावर लेकीने लाल अक्षरांत "कॅडमियम, हात लावू नये" लिहिलंय आणि खाली कवटी काढलीय. आता तिथे दोन कॅन झालेत, आणि ते नेणारी गाडी कधी येणार हे कुणालाच माहीत नाही. प्रयोगात न वापरलेल्या पिसवा मात्र ती घरी घेऊन आली. शेजारच्या मुलाच्या टाकीतल्या गप्पींनी दहा मिनिटांत फस्त केल्या.